युनियन बर्लिनचं स्टेडियम खरंच चाहत्यांनी बांधलं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबचं स्टेडियम चाहत्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं असं वाचलं, ते खरं की दंतकथा? आणि बर्लिनच्या चार दिवसांच्या मुक्कामात सामन्याचं तिकीट मिळालं नाही, तर नुसतं बघायला तिथं जावं का?

खरं आहे. आणि जाच. मी बर्लिनच्या ओबरश्योनेवाइडे भागात शिकायला होतो आणि नंतर तिथंच नोकरीलाही राहिलो. हे स्टेडियम तिथून ट्रामनं काही मिनिटांवर आहे. तिथं मी बरेच सामने उभ्यानं पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारण ही गोष्ट इंटरनेटवर सांगितली जाते तेव्हा तिचा सोपा अर्धा भाग येतो आणि अवघड अर्धा राहून जातो.

आधी जागेबद्दल. स्टेडियमचं नाव 'आन डेर आल्टेन फ्योर्स्टेराय', म्हणजे 'जुन्या वनरक्षकाच्या घरापाशी'. हे नाव शब्दशः घ्या. शहराच्या आग्नेयेला क्योपेनिक नावाचा भाग आहे, तिथं वूलहाइडे हे जंगल लागतं. त्या झाडांत वनखात्याचं एक जुनं घर होतं आणि त्याच्या शेजारी १९२० साली हे मैदान सुरू झालं. पहिल्या मोठ्या सामन्याला त्या वेळचा जर्मन विजेता न्यूर्नबर्ग संघ आला होता आणि २-१ नं जिंकून गेला. ते वनरक्षकाचं घर अजून उभं आहे आणि क्लबच्या वापरात आहे. जर्मनीतल्या कितीतरी स्टेडियमांना आज विमा कंपन्यांची, बँकांची, मोटारींची नावं आहेत. इथं शंभर वर्षांनंतरही नाव त्या घराचंच आहे.

खेळणारी मंडळी होती ओबरश्योनेवाइडेची. श्प्रे नदीच्या काठी केबल आणि विजेच्या सामानाचे प्रचंड कारखाने होते, पिवळ्या विटांचे. आमचं कॉलेज त्यांतल्याच एका जुन्या केबल कारखान्यात भरायचं. तिथल्या कामगारांचा हा संघ, म्हणून पाठीराख्यांची आरोळी 'आयझर्न उनिओन', पोलादी युनियन. आजचा क्लब या नावानं २० जानेवारी १९६६ ला स्थापन झाला, तेव्हा तो पूर्व जर्मनीत होता. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांनी येनाच्या बलाढ्य संघाला २-१ नं हरवून पूर्व जर्मनीचा चषक जिंकला. त्यानंतर मात्र फार काही हाती लागलं नाही. त्याच शहरात डायनॅमो नावाचा दुसरा संघ होता. गुप्त पोलिसांचा प्रमुख एरिश मील्के त्याचा मानद अध्यक्ष होता आणि १९७९ ते १९८८ अशी सलग दहा वर्षं देशाचं विजेतेपद त्या संघाकडे गेलं. युनियनचे लोक एका वर्षी वरच्या श्रेणीत, तर पुढच्या वर्षी खालच्या.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. युनियन म्हणजे सरकारविरोधी बंडखोरांचा क्लब, असं सर्रास लिहिलं जातं. त्या काळची एक म्हणच आहे: युनियनचा प्रत्येक चाहता सरकारचा शत्रू नव्हता, पण सरकारचा प्रत्येक शत्रू युनियनचा चाहता होता. प्रतिस्पर्ध्यांनी फ्री-किक अडवायला खेळाडूंची भिंत उभी केली की हे लोक 'भिंत हटलीच पाहिजे' म्हणून ओरडायचे. बर्लिनमध्ये खरीच एक भिंत शहराला दुभागत होती, त्यामुळे त्या ओरडण्याचा अर्थ कुणालाच समजावून सांगावा लागत नव्हता. पण क्लब स्वतः काही भूमिगत संघटना नव्हता. सरकारी कामगार संघटनेचा अध्यक्ष हेर्बर्ट वार्नके याचा त्याला आश्रय होता. पायऱ्यांवर उभं राहिलेल्या गर्दीत चार शब्द मोकळेपणी ओरडता येत होते, एवढंच. माझ्या मते ते एवढंही पुष्कळ आहे, त्याला फुगवून सांगायची गरज नाही.

आता बांधकामाकडे येतो. त्यासाठी २००४ पासून सुरुवात करावी लागेल.

बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेकडचे बहुतेक क्लब पैशांअभावी डबघाईला आले, तसा हाही आला. २००४ साली संघ दुसऱ्या श्रेणीतून घसरला आणि पुढच्या मोसमाचा परवाना हवा असेल तर जवळजवळ १४ लाख ६० हजार युरो तारण दाखवा, अशी अट आली. तेव्हा चाहत्यांनी जी मोहीम काढली तिचं नाव होतं 'युनियनसाठी रक्त सांडा'. बर्लिनमध्ये रक्तदात्याला थोडा मोबदला मिळतो. लोकांनी रांगा लावून रक्त दिलं आणि ते पैसे क्लबला दिले. रकमेच्या मानानं रक्ताचे पैसे म्हणजे समुद्रातला थेंब. बाकीचे देणग्या, टी-शर्ट, मेळावे असं करत जमले. परवाना मिळाला. तरी पुढच्याच वर्षी संघ आणखी खाली, चौथ्या श्रेणीत गेला. तिथं त्यांची गाठ त्याच जुन्या डायनॅमोशी पडली आणि ऑगस्ट २००५ मध्ये घरच्या मैदानावर युनियननं तो सामना ८-० नं जिंकला. आमच्या भागातल्या बिअरच्या दुकानांत हा आकडा मी अगणित वेळा ऐकला आहे.

आता मैदानच मोडकळीला आलं होतं. पायऱ्या म्हणजे मातीचे उतार, त्यांवर झिजलेल्या कडा आणि फटींतून उगवलेलं गवत. फुटबॉल महासंघ दर वर्षी तात्पुरती परवानगी देत होता, ती कधीही थांबली असती. शहराकडे पैसे नव्हते, क्लबकडे तर नव्हतेच. शेवटी क्लबनं ठरवलं की आपणच बांधू आणि लोकांना श्रमदानाला बोलावलं.

जून २००८ ते जुलै २००९, तेरा महिने काम चाललं. दोन हजारांहून अधिक माणसं आली आणि त्यांनी मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास काम केलं. भागाकार केला तर माणशी सरासरी साठ-सत्तर तास होतात, म्हणजे आठ-नऊ पूर्ण दिवस. पण सरासरी इथं फसवते. कुणी एका शनिवारी येऊन विटा उचलून गेलं, कुणी वर्षाची सगळी रजा तिथं घालवली, आणि ज्यांना त्या वर्षी नोकरी नव्हती असे काही जण रोज सकाळी कामावर जावं तसे येत राहिले.

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम शिकवणारे एक गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. ते अकरा दिवस गेले होते. मी विचारलं, तुम्ही नक्की काय केलंत? मला वाटलं, लेथवाला माणूस, काहीतरी कसबाचं काम सांगतील. म्हणाले, "गंज खरवडला. मग रंग दिला. मग परत गंज खरवडला." पायऱ्यांवर गर्दीचा लोंढा अडवायला कमरेएवढे लोखंडी कठडे असतात, त्यांची ही गोष्ट. सामन्याला गेले की ते एका ठरावीक कठड्यापाशीच उभे राहायचे. तो आपणच रंगवला होता याची त्यांना खात्री नव्हती. तसे ते स्वतःच म्हणाले. तरी जागा बदलत नव्हते.

'चाहत्यांनी बांधलं' याचा अर्थ नीट समजून घ्यायचा तर एवढं लक्षात ठेवा. आराखडा, लोखंडी सांगाडा, जिथं चूक झाली तर माणसं मरतील असं सगळं काम तज्ज्ञांच्या हाताखालीच झालं. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या क्रेननं बसवल्या गेल्या. श्रमदानवाल्यांनी खणलं, तोडफोड केली, वाहून नेलं, जोडलं, रंगवलं, आणि त्यांच्यातच गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होते त्यांनी आपापली कामं केली. म्हणजे रिकाम्या रानात हौशी लोकांनी स्टेडियम उभं केलं असं नाही. पण या तासांची मजुरी द्यावी लागली असती तर हे काम झालंच नसतं, हे मात्र निर्विवाद.

आणि आता तो राहून जाणारा अर्धा भाग. त्या तेरा महिन्यांत संघ खेळला कुठं? प्रेन्त्सलाउअर बेर्गमधल्या यान क्रीडासंकुलात. म्हणजे ज्या मैदानावर डायनॅमोनं आपली विजेतेपदं मिरवली होती, त्याच मैदानात यांना एक अख्खा मोसम 'घरचे' सामने खेळावे लागले. लेथवाले काका सांगायचे की आठवडाभर इकडे घमेली उचलायची आणि सामन्याच्या दिवशी तिकडे त्या परक्या खुर्च्यांवर बसायचं, यातलं दुसरं काम जास्त जड होतं. त्या मोसमात युनियननं तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद पटकावलं आणि बढती मिळवली. मैदान घडत असताना संघही वर चढत होता, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही, पण सिद्धही करू शकत नाही.

८ जुलै २००९ ला नव्या मैदानावर पहिला सामना झाला तो शहराच्या पश्चिमेकडच्या हेर्था संघाशी. युनियन ३-५ नं हरले. याच दोन संघांचा भिंत पडल्यानंतरचा पहिला सामना २७ जानेवारी १९९० ला ऑलिंपिक स्टेडियमवर झाला होता. तेव्हा पन्नास हजारांवर लोक आले होते आणि दोन्ही बाजूंचे चाहते एकमेकांच्या नावानं जयघोष करत होते. २००९ पर्यंत ते प्रेम बरंच ओसरलं होतं. शहर एक झालं की शेजारी हा शेजारीच राहतो, आणि शेजाऱ्याला हरवायचं असतं.

तीन बाजू श्रमदानातून उभ्या राहिल्या. चौथी बाजू, म्हणजे खुर्च्यांचा मुख्य स्टँड, मागाहून झाली आणि ती श्रमदानातून नाही. तिच्यासाठी २०११ मध्ये क्लबनं स्टेडियमचे शेअर काढले, एकाची किंमत ५०० युरो. जाहिरातीचं वाक्य होतं: आम्ही आमचा आत्मा विकतोय, पण वाटेल त्याला नाही. शेअर घेण्याचा हक्क मुख्यतः सभासदांना होता. पाच हजारांहून अधिक शेअर गेले आणि सुमारे २७ लाख युरो उभे राहिले. लेथवाल्या काकांच्या घरी तो शेअर चौकटीत घालून भिंतीवर लावलेला होता, नातवाच्या फोटोशेजारी. त्यावर नफा किती मिळाला असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी दिलेल्या माणसाला पावतीवर व्याज विचारावं, तसं झालं ते.

२०१३ मध्ये तो स्टँड पुरा झाला. आज एकूण क्षमता २२,०१२ आहे आणि त्यात खुर्च्या किती? ३,६१७. बाकी सगळे उभे. आपल्याकडे उभ्यानं सामना पाहणं म्हणजे स्वस्तातली गैरसोय. तिथं तसं नाही, ती लोकांची आवडीची जागा आहे. नव्वद मिनिटं खांद्याला खांदा लावून उभं राहिलं की गोल झाल्यावर अनोळखी माणूस मिठी मारतो, त्यात काही अवघडल्यासारखं होत नाही. गोलपोस्टमागची एक बाजू 'वाल्डझाइटे', म्हणजे जंगलाकडची. आवाज तिथून सुरू होतो. समोरच्या टोकाची 'वूलेझाइटे', जवळून वाहणाऱ्या वूले या ओढ्याकडची. आणि एका कोपऱ्यात छोट्या घरासारखा स्कोअरबोर्ड आहे. त्यावरचे आकडे आजही माणूस हातानं बदलतो. गोल झाल्यावर त्या आकड्याकडे बघत थांबायचं, तो बदलला की पुन्हा एकदा ओरडायचं. मोठे इलेक्ट्रॉनिक पडदे आले, तरी हा काढलेला नाही.

काही न लिहिलेले नियम आहेत, ते माहीत असलेले बरे. आपल्या खेळाडूवर शिट्टी मारायची नाही, तो कितीही वाईट खेळला तरी. सामना संपायच्या आधी निघायचं नाही. आणि संघ जाहीर होताना निवेदक खेळाडूचं नाव घेतो तेव्हा सगळं मैदान त्यामागे 'फूसबालगोट', म्हणजे 'फुटबॉलचा देव', असं ओरडतं. प्रत्येकाच्या नावामागे, अगदी राखीव खेळाडूच्याही. माझ्या पहिल्या सामन्याला, डिसेंबरच्या थंडीत, आमचा बचावपटू एक सोपा पास चुकला आणि माझ्या तोंडून चकक् असा आवाज निघाला. शेजारच्या बाईंनी रागावून नाही, अगदी सांगावं तसं सांगितलं, "हे इथं नाही करत." पुढच्या सगळ्या वर्षांत मी ते केलं नाही.

सामन्याशिवायच्या दोन गोष्टीही सांगतो, त्यांशिवाय हे मैदान समजत नाही. २००३ च्या नाताळात संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता आणि सगळे हिरमुसले होते. तेव्हा ८९ चाहते बंद स्टेडियमात गुपचूप शिरले आणि मधल्या रेषेपाशी उभं राहून नाताळची गाणी म्हणून गेले. पुढच्या वर्षी जास्त लोक आले, मग आणखी. आता २३ डिसेंबरला तिथं वीस हजारांवर माणसं मैदानाच्या गवतापर्यंत भरतात. मेणबत्त्या, ग्ल्यूवाइन नावाची मसाल्याची गरम वाइन, शाळेच्या मुलांचं गायनपथक. मीही गेलो होतो. मला त्यांतली निम्मी गाणी येत नव्हती, शेजारच्यानं आपलं पुस्तक माझ्याकडे तिरकं धरलं. दुसरी गोष्ट २०१४ च्या विश्वचषकाची. क्लबनं लोकांना सांगितलं, घरचा सोफा घेऊन या आणि मैदानावर ठेवा. साडेसातशेहून अधिक सोफे आले आणि जर्मनी जगज्जेता झालेला तो महिना लोकांनी आपल्याच सोफ्यावर, आपल्याच मैदानात, मोठ्या पडद्यासमोर काढला.

२७ मे २०१९ ला बढतीच्या निर्णायक सामन्यात श्टुटगार्टशी ०-० बरोबरी झाली. आधीच्या सामन्यात त्यांच्याच मैदानावर २-२ झाली होती, त्यामुळे परक्या मैदानावर जास्त गोल केल्याच्या जोरावर युनियन पहिल्यांदाच बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आले. पहिला सामना १८ ऑगस्टला, लाइपझिगशी. मी त्या दिवशी आत होतो. दोन गोष्टी घडल्या. पहिली पंधरा मिनिटं सगळं मैदान मुद्दाम गप्प राहिलं. लाइपझिग हा एका पेयाच्या कंपनीनं उभा केलेला क्लब, त्याच्या विरोधात तो निषेध होता. जर्मनीत क्लबवर सभासदांचं बहुमत असलं पाहिजे असा नियम आहे आणि हा क्लब त्याचं फक्त अक्षर पाळतो, असं या लोकांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि ते माझ्या मनात त्या शांततेनं पक्कं केलं. दुसरी गोष्ट त्याच्या आधीची. संघ मैदानात येताना पायऱ्यांवर शेकडो लोकांनी मोठे फोटो वर धरले. ते फोटो हा दिवस न पाहता गेलेल्या माणसांचे होते. आई, वडील, मित्र, कुणाची बायको. त्यावर लिहिलं होतं, 'अखेर आलो'. माझ्या पुढच्या पायरीवरच्या माणसानं वडिलांचा फोटो धरला होता, हात थरथरायला लागले तेव्हा शेजारच्यानं खालून फ्रेमला आधार दिला. सामना ०-४ नं हरलो. शेवटच्या शिट्टीनंतर कुणी हललं नाही, सगळे गात राहिले.

पुढचं वेगानं घडलं. दोनच आठवड्यांत डॉर्टमुंडवर ३-१ असा विजय, नोव्हेंबरमध्ये हेर्थावर १-० आणि २०२३ मध्ये चौथा क्रमांक मिळवून थेट चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा. तिथं मात्र घरचे सामने फ्योर्स्टेरायमध्ये झाले नाहीत. क्लबनं ते ऑलिंपिक स्टेडियमवर नेले. कारण सभासद इतके वाढले होते की बावीस हजारांच्या मैदानात बहुतेकांना रेआल माद्रिदला पाहताच आलं नसतं. हा निर्णय तेव्हा अनेकांना लागला, मलाही लागला. रेआलशी तिथं २-३ नं हरताना सत्तर हजार लोक होते, आवाज प्रचंड होता, पण धावण्याच्या ट्रॅकपलीकडून येणारा. तरीही ज्या काकांनी गंज खरवडला होता, त्यांच्या नातवाला पहिल्यांदा तिकीट मिळालं ते त्या निर्णयामुळेच. म्हणून मी त्याला चूक म्हणत नाही. मैदान वाढवायचे बेत बरीच वर्षं चालू आहेत. वाढवतानाही उभं राहण्याच्या जागाच जास्त ठेवायचं क्लबनं ठरवलं आहे, हे ऐकून बरं वाटतं.

आता तुमच्या चार दिवसांचं. पुरुषांच्या बुंडेसलीगा सामन्याचं तिकीट बाहेरच्या माणसाला मिळणं फार कठीण, बहुतेक तिकिटं सभासदांतच संपतात. सभासद आपलं तिकीट क्लबच्याच अधिकृत सोयीतून परत विकतात, तिथं नजर ठेवा. रस्त्यावर किंवा भलत्या साइटवर दुप्पट-चौपट पैसे देऊन घेऊ नका, ते तिकीट दारातच रद्द होऊ शकतं. महिलांचा संघही २०२५ मध्ये बुंडेसलीगात आला आणि याच मैदानावर खेळतो. त्याचं तिकीट मिळण्याची शक्यता खूप जास्त आहे. त्या तारखा आधी बघा. काहीच जमलं नाही तर स्टेडियमच्या मार्गदर्शित फेरीची चौकशी करा.

एस-बान या शहरी लोकलच्या क्योपेनिक स्थानकावर उतरा. दारापर्यंत ट्राम जाते, पण तुम्ही चालत जा, वीस मिनिटांच्या आत पोचाल. शेवटचा टप्पा झाडांतून जातो आणि दिव्यांचे खांब पानांमधून अचानक दिसतात. आधी वनरक्षकाचं घर बघा. मग आत जायला मिळालं तर मुख्य स्टँडच्या समोरच्या बाजूच्या पायऱ्यांवर मधोमध जा आणि एखाद्या लाल कठड्यावर हात ठेवून बघा. रंगाचे थर हाताला लागतात. दर काही वर्षांनी त्यांवर नवा हात मारतात, पण खालचा जुना थर कुणी काढत नाही.